कुत्र्याची लघवी काय सांगते?

मुक्या जनावराला दुखणे सांगता येत नाही. त्याच्या लघवीवरून मात्र पुष्कळ कळते. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरतात. अंगातले पाणी आटले की निरोगी कुत्र्याची लघवी दाट होऊन हा आकडा १.०३० च्या वर जातो. तेव्हाही तो १.००८ ते १.०१२ मध्येच अडकला, तर मूत्रपिंडांविषयी शंका घ्यावी. मोजताना तरंगत्या मापकाला बरीच लघवी लागते; रंग बदलणारी पट्टी कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाची नाही. रिफ्रॅक्टोमीटरला एक-दोन थेंब पुरतात, कारण द्राव जितका दाट तितका प्रकाशकिरण अधिक वाकतो. म्हणून मला वाटते, सलाईन लावण्यापूर्वीच हे थेंब तपासावेत. नंतरची पातळ लघवी खरी साक्ष देत नाही.