गाडीच्या तेलात पाणी

आमच्याकडे १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सासऱ्यांच्या हातची, म्हणून विकायचा विषय निघाला की सासूबाई जेवण सोडून उठतात! गेल्या डिसेंबरात नाशिकहून सिन्नरला परतताना मोहदरी घाटात तिचा काटा लाल रेघेला टेकला. थांबलो, वाट पाहिली, पाणी घातलं, घरी आलो. त्यानंतर रोज सकाळी रेडिएटरला तांब्याभर पाणी लागू लागलं. खाली फरशीवर मात्र थेंब नाही. "जुनी गाडी आहे, पिते पाणी," असं म्हणून हे मोकळे झाले.

मला काही ते पटेना. घागर कमी होते म्हणजे पाणी कुठेतरी जातंच ना! एके सकाळी गाडी गार असताना मी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं नव्हतं, दुधाच्या चहासारखं होतं. शिवाय वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. न घालता तेल वाढलं, हे ऐकल्यावर मात्र हे उठून बाहेर आले.

जवळच्या एका गॅरेजात नुसतं बोनेट उघडून सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल, नाहीतर मोडीत द्या." आकडा ऐकून आम्ही परत आलो. मग सासऱ्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, आधी गाडी चालू करू नका. पाणी मिसळलेल्या तेलाला वंगण राहत नाही, बेअरिंगं खाल्ली जातात. मग खरंच इंजिन उतरवावं लागेल."

त्यांनी समजावलं ते असं. इंजिनात पाण्याची वाट वेगळी, तेलाची वेगळी. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि मधे गॅस्केट, म्हणजे आपल्या कुकरची रिंगच समजा. गाडी फार तापली की अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि दोन्ही वाटा एक होतात.

खात्री करायची त्यांची तऱ्हा मला फार आवडली. अंगणात पत्र्याचा तुकडा तापवून त्यावर पट्टीवरच्या तेलाचा एकच थेंब टाकला. ओल्या हाताने फोडणीत मोहरी टाकावी तसा तो तडतडला! नुसतं तेल असतं तर गुपचूप धुरावलं असतं. (हे घरातल्या तव्यावर करू नये, आणि तोंड लांब ठेवावं.) रात्रभर उभ्या गाडीचा खालचा बोल्ट त्यांनी सकाळी जरासा सैल केला, तर आधी पाणीच आलं. पाणी जड, ते तळाशी बसतं.

मग रेडिएटरला पंपाने दाब दिला, काटा हळूहळू उतरत गेला. तेव्हा कुठे हेड खोललं. तडा नव्हता, नुसतं वाकलं होतं. नाशिकला नेऊन फेसिंग करून आणलं, नवं गॅस्केट घातलं, तेल दोनदा बदललं, फिल्टरही. पहिल्या गॅरेजच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात काम झालं.

एक मात्र लक्षात ठेवा. थंडीत गाडी रोज बाजारापुरतीच फिरत असेल, तर तेलाच्या झाकणाखाली पिवळट फेस जमतो. पट्टी स्वच्छ आणि पाणी कमी होत नसेल, तर ती नुसती वाफ असते. लांब चक्कर मारून पुन्हा बघावं, उगाच हेड खोलू देऊ नये. जीप, पिकअप अशा डिझेल गाड्यांत ऑइल कूलर फुटूनही पाणी तेलात येतं, तेव्हा आधी तो तपासायला सांगावा. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर तीही गॅस्केटचीच खूण असू शकते.

रेडिएटरचं झाकण तापल्या गाडीला कधीही उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि आमच्या बोअरचं पाणी घालू नका, असंही मिस्त्रींनी बजावलं. जड पाण्याचा थर आत कुकरच्या तळासारखाच बसतो. आता आम्ही कूलंट आणि बाटलीतलं शुद्ध पाणी घालतो. कूलंट चवीला गोड पण विषारी, म्हणून त्याचा डबा मी मुलांपासून लांब, माळ्यावर ठेवलाय. ह्यांना तो सापडत नाही, तेव्हा पाणी बघायचं काम आपोआप माझ्याकडेच आलंय.