निम्न बिटरेटवरील ध्वनी एन्कोडरचे समायोजन

निम्न बिटरेटवरील ध्वनी एन्कोडरचे समायोजन म्हणजे सेकंदाला मोजकेच बिट उपलब्ध असताना ध्वनी शक्य तितका स्वाभाविक ऐकू यावा, यासाठी एन्कोडरच्या निर्णयपद्धतीत केलेली सुधारणा होय. एमपी३, एएसी, ओपस इत्यादी मानकांत डिकोडरचे वर्तन निश्चित असते; कोणत्या ध्वनीला किती बिट द्यावेत हे मात्र एन्कोडर ठरवतो. त्यामुळे जुने संच न बदलताही नव्या एन्कोडरमुळे ध्वनी सुधारू शकतो.

पार्श्वभूमी

सीडीवरील स्टिरिओ ध्वनीस सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. तोच ध्वनी ३२ किलोबिटमध्ये बसवताना सुमारे ४४ भागांपैकी एकच भाग उरतो. मोठ्या आवाजामुळे जवळच्या कंप्रतेचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही. या आच्छादनाचा उपयोग करून एन्कोडर अनावश्यक तपशील वगळतो. बिट अपुरे पडल्यास मात्र ऐकू येणारा भागही वगळावा लागतो.

प्रमुख निर्णय

* खंडाची लांबी: तंबोऱ्यासारख्या सलग स्वराला लांब खंड सोयीचा असतो. टाळ किंवा तबल्याचा आघात लांब खंडात सापडल्यास त्याचा गोंगाट आघातापूर्वीच पसरतो. यास पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. एएसीमध्ये त्यासाठी १,०२४ ऐवजी १२८ नमुन्यांचे लघुखंड वापरता येतात.
* कंप्रतामर्यादा: वरच्या कंप्रता कापल्यास उरलेला ध्वनी स्वच्छ राहतो. परंतु ‘स’ आणि ‘श’ यांच्या घर्षणध्वनीची बरीच ऊर्जा वरच्या कंप्रतांत असल्याने ३,४०० हर्ट्झवर मर्यादा घातल्यास हे वर्ण ओळखणे कठीण होते.
* वरच्या पट्ट्याची पुनर्रचना: एचई-एएसीमध्ये वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावरून पुन्हा तयार केला जातो, त्यासाठी केवळ थोडी मार्गदर्शक माहिती पाठवली जाते.
* भाषण व संगीत यांतील निवड: २०१२ साली प्रमाणित झालेल्या ओपसमध्ये भाषणासाठी सिल्क व संगीतासाठी सेल्ट ही तंत्रे एकत्र आहेत. कीर्तनात निरूपण व अभंग एकामागोमाग येत असल्याने ही निवड वेळोवेळी बदलावी लागते.

प्रसारणातील उपयोग

आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम ही अंकीय पद्धत स्वीकारली असून महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे तसे प्रक्षेपक आहेत. मध्यम लहरींची वाहिनी केवळ ९ ते १० किलोहर्ट्झ रुंद असल्याने ध्वनीसाठी थोडेच बिट उपलब्ध होतात. बिटांच्या संरक्षणासाठी अधिक जागा ठेवल्यास प्रक्षेपण दूरवर टिकते, पण ध्वनीचा वाटा घटतो. डीआरएममध्ये आता एक्सएचई-एएसी हे संकेतन वापरले जाते.

चाचणी

केवळ मापनयंत्रावर विसंबून समायोजन करता येत नाही. मूळ व संकेतित ध्वनी कोणता हे न सांगता श्रोत्यांना ऐकवून तुलना केली जाते. एका प्रकारच्या नमुन्यांवर केलेली सुधारणा दुसऱ्या प्रकारास मारक ठरू शकते. त्यामुळे मराठी प्रसारणासाठी चाचणीत भाषण, गायन, टाळ आणि चर्मवाद्ये या सर्वांचा समावेश आवश्यक ठरतो.