कॅप्टनच्या हाताखाली

कार निकोबारला जायचं तर तिकिटाआधी पास लागतो. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली निकोबार बेटं राखीव आहेत. बोलावणं असेल आणि कशासाठी चाललो ते नीट सांगता आलं, तरच प्रशासन पास देतं. हौसेने फिरायला तिथे जाता येत नाही, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. मी नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीत तरुण संघाचं काम बघतो. नगर आणि कार निकोबार यांचा संबंध काय, असं घरातल्यांनीही विचारलं. संबंध आहे. १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आमची मंडळी त्यातली, आणि तिथलीही. बोलावणं तिथल्या एका गावाच्या तरुणांकडून आलं होतं.

पोर्ट ब्लेअर आता कागदोपत्री श्री विजयपुरम झालंय, पण जहाजावरचे लोक अजून जुनंच नाव घेतात. तिथून दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास समुद्र कापावा लागतो. मी जानेवारी निवडला, कारण पावसाळ्यात लाटा उसळल्या की जहाज धक्क्याला लागेलच याची खात्री नसते. बेट सपाट आहे. दुरून फक्त माडांची एक रेघ दिसते.

सोबत मी तरुणांसाठी नेतृत्व-प्रशिक्षणाच्या पुस्तिकांचा गठ्ठा नेला होता. त्या वाटल्या गेल्या, लोकांनी कौतुकाने चाळल्या. पण नेतृत्व तिथे शिबिरात शिकवायची गोष्टच नाही. प्रत्येक गावाला कॅप्टन असतो, त्याच्या हाताखाली दुसरा, तिसरा. सगळ्या बेटावर मुख्य कॅप्टन. घरात तुहेतचा प्रमुख. तुहेत म्हणजे कित्येक चुलींचा मिळून एक मोठा गोतावळा; जमीन, माड, डुकरं सगळं त्याच्या मालकीचं. आम्ही नगरला तरुण संघाची बैठक भरवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा आठवण करतो, चहा-वड्याचं आमिष दाखवतो, तरी निम्मेच येतात. तिथे कॅप्टनने संध्याकाळी सांगितलं की सकाळी सगळे हजर. मला हेवा वाटला. मग त्याच पद्धतीतला जाचही दिसला: एखाद्या पोरीला वेगळं काही करायचं असेल तर किती जणांना विचारावं लागतं, हे तिने मला हिंदीत, हसत हसत मोजून दाखवलं.

मला काम मिळालं ते खोबऱ्याच्या भट्टीवर. चर्चच्या कार्यक्रमांना पैसा हवा असतो, आणि पैसा म्हणजे सुकं खोबरं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारीवर नारळ आपटायचा, मनगट वळवून सोडण एका झटक्यात उलगडायचं. माझ्या शेजारचा पोरगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असेल. त्याचे पाच नारळ होईपर्यंत माझा एक. त्यालाच माझा मुकादम नेमलं होतं. सोललेला नारळ दावने, म्हणजे तिथल्या कोयत्याने, एका घावात दोन वाट्यांत फुटतो. पाणी भराभर जमिनीवर. मला हळहळ वाटायची, त्यांना नाही. वाट्या बांबूच्या मचाणावर पसरायच्या आणि खाली सोडणाचा, करवंट्यांचा मंद जाळ ठेवायचा. सगळी कसोटी इथे. आग भडकली तर खोबरं करपतं, निवली तर बुरशी धरतं. म्हणून रात्रीही कुणीतरी जागं राहतं. बेटाची हवा इतकी दमट की नुसत्या उन्हावर भरवसा ठेवता येत नाही. हळूहळू खोबरं आकसतं, करवंटीपासून सुटतं, धुराने तांबूस होतं. खराब निघालेले तुकडे डुकरांना. वाटीवर दाव वाजवला की ती झाडीतून धावत येतात.

जेवणात एकदा त्यांच्या केवड्याचं फळ आलं. आपल्या केवड्याच्याच जातीतलं, पण नारळाहून मोठं, उकडून गर ओरबाडून काढलेला. चव रताळ्याच्या बाजूला झुकणारी. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

बेटावरच्या मूस गावात १८९० च्या दशकात वेदप्पन सॉलोमन या दाक्षिणात्य धर्मशिक्षकाने शाळा काढली. त्याच गावचे जॉन रिचर्डसन पुढे बिशप झाले, त्यांनी बायबल निकोबारीत आणलं, आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेवर राष्ट्रपतींनी त्यांची नेमणूक केली. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. बेटावर मात्र ते इतिहास वाटत नाहीत. इस्पितळालाच त्यांचं नाव आहे, ताप आला की माणसं ‘रिचर्डसनला’ जातात.

ज्या पोरांबरोबर मी काम केलं, ती २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एकतर कुशीत होती, नाहीतर जन्मलीच नव्हती. तो नाताळच्या लगेच नंतरचा दिवस, रविवार. किनाऱ्यालगतची गावं लाटांनी पुसली. वाचलेले आत, उंचावर सरकले. आधी पत्र्याच्या निवाऱ्यात, मग सरकारी घरांत. मदत वाटताना कुटुंब म्हणजे नवरा-बायको-मुलं असा हिशेब झाला. एका तुहेतचे असे तुकडे पाडल्यावर पैसा कुणाचा, घर कुणाचं, हे तंटे उभे राहिले. मदत करणाऱ्यांनी, त्यात चर्चच्या संस्थाही आल्या, हे आधी विचारायला हवं होतं. आम्ही ज्या माडांचे नारळ फोडत होतो ते बहुतेक त्यानंतर लावलेले.

संध्याकाळी गायनवृंदाचा सराव. चार आवाजांत, पेटीशिवाय, पुस्तक न उघडता. मी ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतपुस्तकातलं एक गीत शिकवलं, नारायण वामन टिळकांनी भजनाच्या चालींवर गीतं लिहिली हे सांगितलं. त्यांनी दुसऱ्या फेरीलाच त्याला खालचा स्वर जोडला. टिळकांना तो रुचला असता का, सांगता येत नाही. मला रुचला.

पण माझा खरा उपयोग झाला तो सरावानंतर, कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली. बारावीनंतर पोर्ट ब्लेअरच्या कॉलेजात किंवा थेट मुख्य भूमीवर जायचं, तर अर्ज, जातीचा दाखला, वसतिगृह, शिष्यवृत्ती. पुण्यात खोली मिळते का, नावावरून, चेहऱ्यावरून लोक काय विचारतात, डुकराचं मांस कुठे मिळतं, रविवारी इंग्रजी उपासना कुठे. उपदेशाच्या वेळी गप्प बसणारी पोरं इथे एकमेकांच्या अंगावरून वाकून प्रश्न टाकत होती. मी वहीत पुणे, नाशिक, नागपूर इथल्या मंडळ्यांचे पत्ते लिहून दिले, आणि ज्या घरमालकांशी मी स्वतः बोलू शकतो त्यांचे फोन. पुस्तिकांच्या कोऱ्या मागच्या पानांवर हे पत्ते उतरवून घेतले गेले.

निघायच्या आधी कॅप्टनने हिशेब विचारला, काय दिलं, काय घेतलं. मग त्याने मागणी नोंदवली. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेला दोन माणसं पाठवा. एक गाणारा चालेल. दुसरा होडीचं इंजिन दुरुस्त करणारा पाहिजे, आणि तो नसेल तर गाणाराही नको, जागा वाया जाते. आता मी नगर-राहुरी पट्ट्यातले डिझेल इंजिनचे मेकॅनिक शोधतोय. एक जण तयार आहे, पण त्याला समुद्राची भीती वाटते.