माळवदाचा गारवा, माळवदाचं ओझं

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत मराठी आणि कन्नड एकाच ओट्यावर बसतात. आपलं माळवद ते शेजारच्या घरात माळिगे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर आणि मृगाआधी नव्या मातीचा हात. काळी माती इथे चालत नाही. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. काळी रानात, पांढरी गावात.

फूटभर मातीतून दुपारचं ऊन आत झिरपायला आठ-दहा तास लागतात, तोवर बाहेर रात्र पडलेली असते. पाच इंची स्लॅब तीन-चार तासांतच तापून आत उष्णता सोडू लागतो. मे महिन्यात संध्याकाळी पंखा लावून बघा, म्हणजे कळेल.

स्लॅबचं सिमेंटही स्वस्तात पडत नाही. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उन्हावर चालवली तरी तो सुटणारच. वीजकेंद्रांची राख मिसळून सिमेंटमधला हा भाजलेला भाग कमी करता येतो. दक्षिण सोलापुरात 1,320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, त्यामुळे आज राखेला तोटा नाही. पण कोळसा थांबला की राखही थांबेल. त्यावर भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून केलेलं सिमेंट हा पर्याय आहे. 2023 मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं. त्याला केओलिन असलेली माती लागते. म्हणजे आपली काळी इथेही नापास!

मग पुन्हा माळवदच घालावं? 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवते. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास वजन, आणि खाली नुसत्या चिखलात रचलेले दगड. माणसं त्याखाली गाडली गेली. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

गारवा जाड भिंतींकडे द्यावा, छत हलकं करावं, असं मला वाटतं. थोडं सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा, जोत्यापाशी, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली घरभर फिरणारे सळईचे पट्टे. वर स्लॅबच, पण कमी सिमेंटचा: त्याच्या खालच्या भागात ताण सळई पेलते, काँक्रीट नुसतं भर घालतं. तिथे मंगलोरी कौलं बसवली तर तेवढं सिमेंट वाचतं. लॉरी बेकर यांनी केरळात अशी कितीतरी घरं बांधली. वरून चुना मारला की ऊन बरंचसं परत फिरतं. मृगाआधी दिला तर पाऊस चुना लगेच धुऊन नेईल म्हणून तो मार्चमध्येच द्यायचा, दरसाल, पूर्वी मातीचा हात देत तसा.