जुना पत्रा आधी भंगारात टाकू नका

नव्या मडगार्डाला भोकं होती, पण ती जुळत नव्हती. एक बोल्ट कसाबसा बसला, दुसऱ्याला अर्धा इंच कमी पडत होता आणि तिसरं भोक जिथे यायला हवं तिथे कोरा पत्रा होता. दर्यापूरच्या बनोसा भागातल्या एका टिनाच्या शेडमध्ये आमची जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. मिस्त्रींनी नवं मडगार्ड खाली ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, जुनं कुठं हाय?"

जुनं मी आठ दिवसांपूर्वीच किलोच्या भावाने विकून टाकलं होतं. चाळणी झालेला पत्रा, तो ठेवून करायचं काय, असं मला वाटलं होतं.

ती चूक इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. वऱ्हाडात गोठ्याच्या आडोशाला, कापसाच्या कोठ्यामागे, चिंचेखाली अशा कितीतरी जीप अजून उभ्या आहेत. पूर्वी त्या जिनिंगवर गेल्या, लग्नाच्या वरातीत गेल्या, मेळघाटात सेमाडोहपर्यंत चढल्या. आता घरातली तरुण मुलं त्या बाहेर काढू लागली आहेत, आणि पहिला घोटाळा होतो तो पत्र्यातच.

महिंद्रांची कंपनी १९४५ ची. १९४७ पासून तिने विलिस जीप भारतात जोडायला सुरुवात केली. आपल्याकडे जी 'जुनी महिंद्रा जीप' म्हणून ओळखली जाते, ती बहुतेक वेळा विलिसच्या सीजे-३बी घडणीची असते. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं. त्याचं बोनेट उंच का, याचं उत्तर आत आहे: नव्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बोनेट-जाळी दोन्ही वर उचलावी लागली. महायुद्धातली विलिस मात्र बुटकी, सपाट बोनेटची. तिच्या जाळीत नऊ फटी, ३बीच्या जाळीत सात. दुकानदार दोघींनाही 'विलिस' म्हणतो. नुसत्या त्या शब्दावर बोनेट मागवलं तर येणारा माल कुठल्याच इलाजाने बसत नाही.

सुटे पत्रे येतात अनेक वाटांनी. दिल्लीचं काश्मिरी गेट आहे, आणि हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचं मंडी डबवाली उघड्या जीप बांधण्यासाठी देशभर माहीत आहे. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपांतून 'जीपनी' जन्मली, आणि तिथे आजही युद्धकाळातल्या विलिसच्या अख्ख्या बॉड्या नव्याने घडवून जगभर पाठवल्या जातात. बाहेरचा पत्रा घेताना मात्र एक गोष्ट हमखास सुटते. तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी असतो. स्टिअरिंगच्या दांड्याचं भोक, पेडलांच्या फटी, सगळं उलट्या बाजूला. तळाचा पत्रा उलटा कापून पुन्हा जोडणं म्हणजे नव्या पैशात जुनं दुखणं विकत घेणं.

आता आपल्या मातीबद्दल, कारण दर्यापुरात पत्रा कुजतो त्याला इथलीच कारणं आहेत. तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. भूगर्भातलं पाणी खारं, आणि गाडी धुवायला बोअरचंच पाणी वापरलं जातं. ते वाळलं की पत्र्यावर क्षाराचा पातळ थर उरतो. पुढच्या ओलीत तो पुन्हा विरघळतो, पाण्यातून वीज सहज वाहू लागते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. त्यात काळी माती. ती ओल धरून ठेवते, मडगार्डाच्या आतल्या कडेत आणि फरशीखालच्या आडव्या पट्ट्यांत घट्ट बसते आणि बाहेर ऊन तापलं तरी आत कित्येक दिवस ओली राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात तो शिरला की जोड फुगतो आणि उकलतो. आमच्या जीपची फरशी वरून ठणठणीत दिसत होती. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर दाबला, तो मुठीपर्यंत खाली गेला.

जुना पत्रा कुजला म्हणून टाकायचा नाही, तो नव्या पत्र्याचा नमुना म्हणून ठेवायचा. त्याची चांगली राहिलेली कड घासून व्हर्निअरने मोजली की मूळ जाडी कळते. पत्र्याचा गेज जितका मोठा तितका तो पातळ: १८ गेज साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९. बाजारातला स्वस्त माल पुष्कळदा पातळ असतो, बोटाने दाबला तर डब्यासारखा वाजतो. भोकांच्या जागा, कडेची वळणं, मजबुतीसाठी मारलेल्या पन्हाळ्या, दिव्याच्या वायरची वाट, हे सगळं जुन्या पत्र्यावर लिहिलेलंच असतं. तो नव्यावर उपडा ठेवून खडूने रेघ मारली की निम्मं काम झालं. माझ्याकडे जुनं डावं मडगार्ड होतं, विकलं होतं ते उजवं. म्हणून मिस्त्रींनी डाव्याचा पुठ्ठ्यावर साचा काढला, तो उलटा केला आणि त्यावरून उजव्याची भोकं ठरवली. दोन्ही मडगार्डं हुबेहूब आरशातली नसतात, पेडलच्या बाजूचे कंस वेगळे असतात. त्यामुळे त्यात एक अख्खा दिवस गेला.

बसवण्याचा क्रम हा या कामाचा गाभा आहे. जीपची बॉडी चॅसीवर रबरी पॅड घालून बोल्टांनी बसवलेली असते, म्हणून हे काम तालुक्याच्या गावातही होऊ शकतं. पण त्याआधी चॅसी सरळ आहे का ते पाहावं लागतं. मिस्त्रींनी डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत सुतळी ताणली, मग उलट. दोन्ही लांब्या सारख्या आल्या तर चॅसी गुण्यात. नाही आल्या तर नवा पत्रा कितीही सुबक असो, तो तिरक्या पायावर उभा राहणार.

दुसरं, जुनी फरशी कापण्याआधी दोन्ही बाजूंना आतून आडवा अँगल झाळून घ्यायचा. हे विसरलं की पत्रा मोकळा होऊन आत-बाहेर सरकतो आणि शेवटी काचेची फ्रेम काऊलवर, म्हणजे बोनेट आणि काच यांच्यामधल्या पत्र्यावर, बसतच नाही. आणि झाळकामाला हात लावण्याआधी इंधनाची टाकी बाहेर. या जीपांत ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ साठलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची. बॅटरीची वायरही काढून ठेवावी.

मग जोडणी. सुरुवात काऊलपासून, कारण बोनेटच्या बिजागऱ्या तिथे आहेत आणि काचेची फ्रेमही तिथेच टेकते. नंतर पुढची जाळी, मग दोन्ही मडगार्डं, आणि सगळ्यांवर बोनेट. मी पहिला बोल्ट बसला की पान्ह्याने आवळायला धावलो. मिस्त्रींनी हात धरला. "घाई नोका करू भाऊ. सारे नट ढिल्ले ठेवा, मंग पाहू कोण कुठं वढते." खरंच, एक बोल्ट आवळला की त्याची ओढ दुसऱ्या टोकाला दिसते. बोनेटची उजवी फट करंगळी जाईल एवढी आणि डावी नखाएवढी, असं दिसलं तर दोष बोनेटचा नसतो. जाळीखाली एक पातळ पट्टी सरकवायची, पुन्हा पाहायचं. भोक जुळत नसेल तर शेजारी नवं पाडायचं नाही, आहे तेच कानशीने लांबट करायचं आणि मोठा वायसर घालायचा. आमच्या जीपला हे चार वेळा उकलून पुन्हा बसवावं लागलं. रंग लावण्याआधी. रंगवून मग बसवणाऱ्याला प्रत्येक चुकीचा ओरखडा दिसतो.

फरशीसारखे झाळायचे पत्रे वेगळ्या हाताने जोडतात. पातळ पत्र्यावर सलग झाळ ओढली तर उष्णतेने तो लाटेसारखा वाकतो. म्हणून इथे एक टाका, मग हातभर दूर दुसरा, मग विरुद्ध कडेला तिसरा. मध्ये थांबून तळहात जवळ नेऊन गार झालं का ते पाहायचं. दोन पत्रे एकावर एक चढवणं सोपं, पण त्या फटीत पुन्हा पाणी बसतं. जिथे शक्य तिथे कडेला कड भिडवावी. जिथे शक्य नाही तिथे आधी आतल्या बाजूला जस्ताचा प्रायमर लावावा.

नव्या पत्र्यावरचा काळा रंग पाहून फसू नये. चिंधीला थिनर लावून तो घासून पाहावा. निघून आला तर तो नुसता वाहतुकीपुरता आहे, पूर्ण काढून नव्याने प्रायमर मारावा लागेल. लांबी (पुट्टी) दोन-तीन मिलिमीटरच्या वर भरू नये. वाकडेपणा लांबीने लपतो खरा, पण आपल्या रस्त्यांवर ती दोन हंगामांत तडकते.

कागदांचं एक बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ स्वरूपात मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. कुजलेल्या पत्र्याच्या जागी तसाच पत्रा घालणं आणि जीप कापून लांब-रुंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज नंबर मिळू शकतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नको, आणि मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. अख्खी बॉडी बदलण्याआधी अमरावतीच्या आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं. चॅसी नंबर कोरलेल्या जागी तर ग्राइंडर लावायचाच नाही. कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा काढून ठेवावा, जुन्या पत्र्यांचे चारी बाजूंनी फोटोही.

जीप गेल्या पावसाळ्याआधी शेडबाहेर आली. महिनाभराने मिस्त्रींनी सगळे बोल्ट पुन्हा तपासले, रबर दबल्याने बरेच सैल झाले होते. आता ती नळाच्या पाण्याने धुतो, आणि पावसात शेतावरून आली की मडगार्डाच्या आतली माती वाळायच्या आत काठीने काढतो.

डावं जुनं मडगार्ड मिस्त्रींनी परत दिलं नाही. शेडच्या खिळ्याला ते टांगलेलं आहे, त्यावर खडूच्या आमच्या रेघा तशाच. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा अंजनगावकडचा एक मुलगा त्याला टेप लावून भोकांची मापं वहीत उतरवून घेत होता.