कंपनी वेगळी, घर एकच
लेखमाला : बिनतारी घर – भाग ६

आपल्या भागात बिनतारी यंत्रं घराच्या आधी विहिरीवर पोचली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ शेतीपंपाच्या स्टार्टरला जोडलं की मोबाइलवरून मोटर चालू-बंद करता यायची. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. पुढे ‘मोबाइल स्टार्टर’ या नावाखाली कितीतरी कंपन्यांच्या पेट्या बाजारात आल्या. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्यांचं मोल सांगायला नको. शेतीची लाईट रात्री येणार, आणि ती आली की बॅटरी घेऊन बांधावरून विहीर गाठायची, वर साप-विंचवाची धास्ती. ती फेरी या पेटीनं वाचवली.

बिनतारी मानक म्हणजे काय, याचा पहिला धडाही तिनंच दिला. जुन्या पेट्यांमधलं मोडेम टूजीचं. जिओनं २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती थेट फोरजीवर. त्यामुळे घरातलं जिओचं कार्ड काढून त्या पेटीत घातलं की काहीच हलत नाही. कार्ड चालू, रेंज भरपूर, पेटीही धडधाकट, पण दोघांचं मानक जुळत नाही. पेटी बिघडली असं समजून ती दुरुस्तीला नेणारे अनेक असतील.

एसी, गिझर, पंखा, वॉशिंग मशीन यांच्या बाबतीत हाच घोळ आता घरात शिरला आहे, आणि आपल्या विट्यात तो जास्त बोचेल असं मला वाटतं. सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी या तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. घर विट्यात किंवा आसपासच्या खेड्यात, दुकान दूर परराज्यात. गावाकडे आई-वडील असतात आणि सुट्टीला, जत्रेला सगळे जमतात. अशा घरात दूर राहून गिझर बंद करता येणं किंवा टाकी भरली की मोटर आपोआप थांबणं ही चैन नाही. सत्तरीतल्या माणसाला जिन्याच्या चार फेऱ्या वाचतात. पण गिझर एका कंपनीचा, पंखे दुसऱ्या, दिवे तिसऱ्या. प्रत्येकाचं ॲप वेगळं, पासवर्ड वेगळा. शेवटी आई फोन करून विचारते, ‘यातलं कुठलं दाबू?’

ही यंत्रं एकमेकांशी का बोलत नाहीत ते समजायला दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. निरोप कोणत्या लहरींवरून जातो ही एक, आणि त्या निरोपाचा अर्थ काय लावायचा ही दुसरी. मोबाइल स्टार्टर पहिल्या ठिकाणी अडला होता. घरातली यंत्रं दोन्हीकडे अडतात.

आधी लहरी. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला आणि घरोघरच्या वायफायचा मार्ग मोकळा झाला. हल्लीचे राऊटर २.४ आणि ५ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. ५ चा वेग जास्त, पण स्लॅब आणि जाड भिंती त्याला लवकर अडवतात. २.४ सावकाश असला तरी लांब पोचतो, आणि त्याचं मोडेमही स्वस्त पडतं. म्हणून वायफायवरचे बहुतेक प्लग, गिझर आणि दिवे फक्त २.४ ओळखतात. नवा प्लग जोडताना ॲप ‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणतं, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की फोन त्या क्षणी ५ वर आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्यावं, फोन त्यावर आणावा आणि मग जोडणी करावी. दुकानात माल परत करण्याआधी एवढं जरूर करून पाहा.

वायफायला वीज बरीच लागते, त्यामुळे सेलवर चालणाऱ्या छोट्या सेन्सरला ते परवडत नाही. त्यासाठी झिगबी आणि थ्रेड ही मानकं आहेत. दोन्ही २.४ च्याच पट्ट्यात, पण फार कमी विजेवर चालतात. त्यांची खुबी अशी की कायम विजेवर असलेला दिवा किंवा प्लग शेजाऱ्याचा निरोप पुढच्याकडे पोचवतो. खालच्या मजल्यावरच्या राऊटरचं वायफाय माडीच्या टोकाला क्षीण झालं तरी हे निरोप टप्प्याटप्प्यानं तिथवर जातात. मात्र घराबाहेर पडताना बोर्डावरची सगळी बटणं बंद करायची आपली सवय इथे आडवी येते. सवय चांगलीच आहे. पण जिन्यातला दिवा बटणावरून बंद केला की तो साखळीतून गळतो, आणि माडीवरचा सेन्सर एकटा पडू शकतो. असा दिवा ॲपवरून किंवा त्याच्या बिनतारी बटणावरून बंद करायचा असतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं बरं.

परदेशातून येणाऱ्या वस्तूंची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या मुलीनं हौसेनं झेड-वेव्ह या बिनतारी मानकाचं कुलूप आणलं, तर ते ९०८ मेगाहर्ट्झवर बोलतं. भारतात झेड-वेव्हसाठी ८६५ च्या आसपासचा पट्टा आहे, आणि ९०८ इथे मोबाइल सेवेच्या पट्ट्यात पडतं. म्हणजे ते कुलूप इथल्या हबला (घरातली यंत्रं एकत्र जोडणाऱ्या डबीला) ऐकू जाणार नाही, आणि ते इथे वापरणं नियमातही बसत नाही. तिकडून काही आणायचंच झालं तर वायफाय किंवा ब्लूटूथवर चालणारं आणावं, आणि २३० व्होल्टचा उल्लेख आहे का तेही पाहावं.

आता निरोपाचा अर्थ. दोन यंत्रं एकाच वायफायवर असली तरी एक कंपनी ‘चालू हो’ एका तऱ्हेनं लिहिते आणि दुसरी भलत्याच तऱ्हेनं. शिवाय निरोप बऱ्याचदा थेट जातच नाही. खाटेवरून पंखा बंद करायचा, तर आज्ञा आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत घरात येते. इंटरनेट बंद पडलं की ॲप निकामी. कंपनी बंद पडली तर काय होतं, ते अमेरिकेत इन्स्टिऑनच्या ग्राहकांनी एप्रिल २०२२ मध्ये पाहिलं. एके दिवशी सर्व्हर अचानक बंद झाले. यंत्रं शाबूत होती, ॲप मात्र उघडेना. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली म्हणून सेवा परत सुरू झाली. दहा-पंधरा वर्षं टिकायला घेतलेलं यंत्र कुणाच्या तरी सर्व्हरच्या आयुष्यावर टांगलेलं असू नये, हे माझं ठाम मत आहे.

यावरचा आजचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे ‘मॅटर’. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स एका समान मानकासाठी एकत्र आले. २०२१ मध्ये या मानकाचं ‘मॅटर’ असं नामकरण झालं, अलायन्सनंही आपलं नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स केलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली. मॅटर नव्या लहरी काढत नाही. वायफाय, थ्रेड किंवा इथरनेटच्या तारेवरून तो चालतो आणि पहिल्या जोडणीपुरतं ब्लूटूथ वापरतो. तो फक्त निरोपाचा मजकूर ठरवून देतो. गलाईवाल्यांच्या गावात हे हॉलमार्कवरून चटकन कळेल. दागिना कुणीही घडवलेला असो, ९१६ चा छाप पाहिला की दुसऱ्या राज्यातला सराफही त्याचा कस मानतो. मॅटरची खूण असलेला प्लगही असाच, मॅटर मानणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या ॲपला ओळखू येतो. एकच दिवा वडिलांच्या फोनवर गूगलमध्ये आणि मुलाच्या फोनवर ॲपलमध्ये एकाच वेळी जोडता येतो. आज्ञा घरातल्या घरात फिरते, इंटरनेट नसलं तरी चालते. राऊटर इन्व्हर्टरवर घेतला तर लाईट गेल्यावरही घरातलं जाळं जागं राहतं. दूर परराज्यातून चालवायचं असेल तर मात्र इंटरनेट हवंच, आणि त्या ॲपचा हब म्हणून घरात एखादा स्पीकर वगैरे कायम चालू ठेवावा लागतो.

पण छाप कस सांगतो, घडणावळ नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि खोलीचा एसी मॅटरमध्ये आले ते ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत. त्यातही चालू-बंद, तापमान अशा मूळ गोष्टी समान असतात, कंपनीच्या खास सोयी तिच्याच ॲपमध्ये राहतात. आणि आपल्याकडचे पुष्कळ एसी अजून इन्फ्रारेड रिमोटवरच आहेत. त्यांच्यासाठी रिमोटची नक्कल करणारी डबी मिळते. ती आज्ञा पाठवते, पण एसीकडून तिला काहीच परत कळत नाही. मधेच लाईट जाऊन आली आणि एसी बंदच राहिला, तरी ॲप बिनधास्त ‘चालू’ दाखवतं. आजारी माणसाच्या खोलीसाठी अशा डबीवर विसंबू नये.

खरेदीला जाल तेव्हा ‘वायफाय आहे का’ एवढं विचारून थांबू नका. खोक्यावर मॅटरची खूण आहे का पाहा. इंटरनेट बंद असताना ॲप चालतं का, हे दुकानदाराला फोनचा डेटा आणि राऊटरची बाहेरची तार काढून दाखवायला सांगा. बोर्डावरचं साधं बटण नेहमीसारखं काम करतं ना, हेही विचारा, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना शेवटी तेच लागणार. आणि गिझरसाठी प्लग घेत असाल तर तो १६ अँपिअरचाच घ्या. दोन किलोवॉटचा गिझर ६ अँपिअरच्या प्लगवर लावणं धोक्याचं आहे, मग त्यावर कोणतीही खूण असो.

एक शेवटची गोष्ट. मॅटरच्या वस्तूवर चौकोनी क्यूआर आणि त्याखाली अकरा आकडी कोड असतो. तो बऱ्याचदा यंत्राच्या पाठीमागे चिकटवलेला असतो. भिंतीत बसवण्याआधी त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. राऊटर बदलल्यावर यंत्र पुन्हा जोडायचं झालं तर तोच लागतो, आणि तोपर्यंत स्टिकर स्विचबोर्डच्या आत गाडला गेलेला असतो.

पुढच्या भागात महावितरणचा टीओडी मीटर : दिवसा वापरलेल्या विजेच्या सवलतीचा फायदा वॉशिंग मशीन आणि गिझरला कसा करून द्यायचा, आणि तो मीटर या यंत्रांशी थेट का बोलत नाही.