दप्तराबाहेरची नवता

सायखेड्याच्या शिवारात गोदाकाठच्या काळ्या जमिनीवर द्राक्षांचे मांडव आज इतके स्वाभाविक वाटतात की, हा वेल मूळचा परका असून निफाड तालुक्यात त्याच्या लागवडीचा आरंभ 1925 साली ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केला, याचे स्मरण कोणी मुद्दाम करून दिल्यावाचून होत नाही. थंड मुलखात हिवाळी पानगळीनंतर विश्रांती घेणारा हा वेल आमच्या उष्ण हवेत विसावतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, तिच्या डोळ्यांत घड धरू द्यावयाचा आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून वर्षाचे एकच पीक घ्यावयाचे, ही रीत येथे रूढ झाली. पुढे क्षारांनी मुळे हैराण केली, तेव्हा डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन या द्राक्षवाणाची कलमे चढली. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधील निसर्गदत्त फेरबदल हेरून 'सोनाका' निवडला आणि तो सोलापुरापुरता राहिला नाही. यांपैकी कशासाठीही सरकारी फर्मान निघाले नव्हते. शेजाऱ्याच्या बांधावरून पाहणे आणि त्याच्याकडून काडी मागून आणणे, एवढ्यावरच पुष्कळसे भागले.

राष्ट्राने या वृत्तीला सनद दिली ती सावकाश. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शोधकबुद्धी हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले. 2000 साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन होऊन गोमंतकातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आणि 2010 नंतरचे दशकच नवप्रवर्तनाचे म्हणून जाहीर झाले. नोंद आणि सन्मान करणाऱ्या या दप्तराचे मोल मी कमी लेखीत नाही. 'एचएमटी' धान शोधणारे चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांना 2005 साली राष्ट्रीय सन्मान लाभला तो त्याच्याचमुळे. तोवर त्यांचे भात दूरवर पिकत होते आणि ते स्वतः दारिद्र्यातच होते. मात्र दप्तराला पहिला कोण एवढेच पुसता येते; बागाईत उभी राहते ती दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या अनुकरणकर्त्यावर, आणि त्याच्यासाठी सन्मानपत्रात रकाना नसतो.

आता नाशकात परदेशी पेटंटधारकांचे वाण परवान्याने येऊ लागले आहेत. त्यांची काडी बांधापलीकडे देण्यास करारनामा आडवा येतो; 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला असला, तरी त्या करारापुढे द्राक्षाच्या काडीबाबत तो कितपत टिकेल, याचा उलगडा सायखेड्याच्या बागाईतदाराला लागवडीपूर्वीच करून घ्यावा लागेल.